गुण्यात नाही

आमची पिकअप डावीकडे ओढते. गाडी सरळ न्यायची तर स्टिअरिंग कायम थोडं उजवीकडे पिळून धरावं लागतं, आणि दिवसभर तसं धरलं की संध्याकाळी माझा खांदा भरून येतो. हे मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा बाबा दुकानात काच कापत होते. मान वर न करता म्हणाले, "गाडी नाही ओढत पोरी, तुझा हात ओढतो." धाकटा भाऊ फिदीफिदी हसला. मीही हसले, मूर्खासारखी.

आमचं काचेचं दुकान आहे. खिडक्यांच्या काचा, टेबलावरच्या काचा, आरसे. बाबा कापतात, मी पोचवते आणि बसवते. धाकटा भाऊ फोन सांभाळतो, म्हणजे फोन घेतो आणि निरोप विसरतो. पूर्वी गाडी बाबाच चालवायचे. त्यांच्या डाव्या गुडघ्याने क्लच दाबायला साफ नकार दिला, तेव्हा किल्ली माझ्याकडे आली. बाई पिकअप चालवते म्हणून सुरुवातीला लोक वळून बघायचे. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. हौद्यात काचा उभ्या बांधून मी निघाले की वाटायचं, या घरात कुणाचं तरी माझ्यावाचून अडतं.

गाडी जुनी आहे आणि तिचे सगळे नखरे मला तोंडपाठ आहेत. थंडीत स्टार्टर रुसतो, मग उतारावर लावावी लागते. डावं दार आपटल्याशिवाय लागत नाही. हौदा रिकामा असला की मागचे स्प्रिंगचे पाटे इतके कडक की स्पीडब्रेकरवर माणूस टपाला टेकतो, आणि माल भरला की तीच गाडी शहाण्यासारखी चालते. रेडिएटरचा पाइप दर उन्हाळ्यात फुटतो. पण पिकअपवाल्या कुणालाही विचारा, ही दुखणी नव्हेत, हे स्वभाव आहेत. स्वभावाशी जमवून घेता येतं. ओढणं मात्र नवीन होतं.

कधीपासून, तेही मला नेमकं सांगता येईल. मावशीच्या ऑपरेशनसाठी मी तिच्याकडे राहायला गेले होते. परत आले तर दारात गाडी नवरीसारखी नटून उभी. अख्खी आकाशी रंगवलेली, पुढचा बंपर नवा, आणि मागच्या फाळक्यावर पेंटरने पिवळ्या झोकदार अक्षरांत लिहिलेलं: काच आहे, अंतर ठेवा. बाबा म्हणाले, "फार राबतेस गं. म्हटलं, तू येईपर्यंत जरा सजवावी." आई गेल्यापासून बाबांनी मला असं काही दिलं नव्हतं. मी भर रस्त्यात रडले. पुढचे कित्येक दिवस ओळखीच्या प्रत्येकाला थांबवून तो रंग दाखवत होते.

त्यानंतर काचा तडकायला लागल्या.

दुकानातून निघताना काच धडधाकट असायची आणि गिऱ्हाइकाच्या दारात उतरवताना खालच्या कोपऱ्यातून केसासारखी रेघ वर चढलेली असायची. दर वेळी नाही, पण विसरायला होऊ नये इतक्या वेळा. मी काचेखालच्या रबराच्या पट्ट्या बदलल्या. दोऱ्या बदलल्या. बैलगाडीच्या वेगाने चालवायला लागले, मागचे लोक हॉर्न वाजवून माझा उद्धार करायचे. तरी तेच. "खड्डे बघत जा," बाबा म्हणायचे. "ताई, ब्रेक जरा हळू दाब ना," धाकटा म्हणायचा, तेही गिऱ्हाइकासमोर, सगळ्यांना ऐकू जाईल अशा मायाळू आवाजात. हळूहळू मी गाडीत बसताना घाबरायला लागले. कुठे जायचं म्हटलं की तळहात ओले व्हायचे.

एक दिवस बाबाच मला चष्म्याच्या दुकानात घेऊन गेले. "अंदाज चुकत असेल तुझा, डोळे तपासून घेऊ." डोळे ठणठणीत निघाले, अगदी किंचितसा नंबर, नसल्यासारखाच. तरी बाबा म्हणाले, करून टाकू. आरशासमोर माझ्या शेजारी बसून त्यांनी स्वतः फ्रेम निवडली. एकेक घालून बघायला लावली, मान तिरकी करून बघितली, आणि एका तपकिरी फ्रेमला म्हणाले, "हीच. शोभते तुला." तो चष्मा मी रोज घालत होते.

शेवटी फुटला तो नृत्यवर्गाच्या बाईंचा आरसा. भिंतभर आरसा, बाबांनी जिवापाड जपून कापलेला. बाईंच्या अंगणात फाळका उघडला आणि त्यांच्यादेखतच तो कोपऱ्यातून आडवा तडकला. बाईंनी नुसतं माझ्या हातांकडे बघितलं. त्या संध्याकाळी बाबांनी जेवताना सांगून टाकलं, "या आठवड्यानंतर गाडी धाकटा चालवेल. तू फोनवर बस. तुझ्याच भल्यासाठी सांगतोय." मी बरं म्हटलं. वाद घालायला तोंड कुठे होतं? मला स्वतःलाच पटलं होतं की माझ्या हाताला खोट आहे.

जाता जाता गाडी नीट करून द्यावी म्हणून मी ती अलाइनमेंटला घेऊन गेले. धाकट्याला त्रास नको, हा माझा विचार. हसा हवं तर.

पुढचं डावं टायर आतल्या कडेने पार गुळगुळीत झालं होतं. अलाइनमेंटवाल्याने दोनदा मशीन लावलं, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "ताई, चाक सरळ केलं की आकडा परत पळतोय. जरा थांबा, उस्तादला फोन करून विचारतो." तो बाहेर गेला. मी गाडीभोवती नुसती फिरत राहिले आणि फिरता फिरता माझा हात सवयीने कमरेच्या टेपवर गेला.

गुण्या म्हणजे काटकोन बघायची ती लोखंडी पट्टी. बाबांनी मला अक्षरांच्या आधी गुण्या ओळखायला शिकवला. पण मोठ्या काचेला गुण्या पुरत नाही. तिथे तिरकं माप घ्यायचं. या कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत एक, उरलेल्या दोन कोपऱ्यांचं दुसरं. दोन्ही सारखी भरली तर काच गुण्यात आहे. नाही भरली तर बाजू कितीही नेटक्या दिसोत, काच वाकडी आहे. हे बाबांनी मला इतक्या वेळा घोकून घेतलंय की झोपेतून उठवलं तरी सांगेन.

गाडीलाही चारच कोपरे असतात. मी चाकांच्या मधोमध टेप धरला. पुढच्या डाव्यापासून मागच्या उजव्यापर्यंत. मग पुढच्या उजव्यापासून मागच्या डाव्यापर्यंत. दोन बोटांचा फरक. पुन्हा मोजलं. दोन बोटं.

मी अंगावरच्या कपड्यांची पर्वा न करता गाडीखाली शिरले. खाली काळा डांबरासारखा थर मारलेला होता, गंज धरू नये म्हणून मारतात तसा. पट्टीने खरवडला तर पुढच्या बाजूला, डावीकडे, चासीवर वेल्डिंगची जाडजूड रेघ. वाकलेलं लोखंड ठोकून सरळ केलेलं, वरून तुकडा जोडलेला. तिथून मागे अख्खा सांगाडाच पिळवटला होता, आणि त्याच्यावर हौदा, हौद्यात काचा टेकवायचा लोखंडी घोडा. घोड्याचा एक पाय दुसऱ्यांपेक्षा खाली. म्हणून दर खड्ड्याला काचेचं सगळं ओझं एकाच कोपऱ्यावर यायचं. दर वेळी तोच कोपरा होता. तोच! आणि मी चष्मा करून आणला.

धाकटा दुकानाबाहेर मोबाइलवर बोलत होता. मी फोन त्याच्या हातातून काढून घेतला.

"मी मावशीकडे असताना गाडी कुठे ठोकलीस?"

त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग दुकानाच्या आत. "ताई, मी सांगणार होतो. शप्पथ. विजेच्या खांबावर गेली. पण बाबा म्हणाले, तिला काही बोलायचं नाही, मी बघतो."

"आणि ब्रेक हळू दाब, ते कोण म्हणायचं?"

तो मान खाली घालून बुटाच्या टोकाने जमीन उकरायला लागला. त्याच्यावर हात उगारायचीही इच्छा झाली नाही. तो तसाच आहे, लहानपणापासून. माझं खरं दुखणं तिथे नव्हतंच.

आत बाबा बाईंचा नवा आरसा कापून, कडा घासत होते. मी टेप टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "बाबा, गाडी गुण्यात नाही."

त्यांचा हात थांबला. "कुणी सांगितलं?"

म्हणजे काय, असं विचारलं असतं तरी चाललं असतं. कशावरून, असं तरी. मी खुर्ची ओढून बसले.

"तुम्हीच सांगितलंत. तिरकं माप घ्यायला."

ते कडेवरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "त्याचं लग्न ठरत होतं तेव्हा. मुलीकडच्यांच्या कानावर गेलं असतं, पोरगं बेफिकीर आहे म्हणून मोडलं असतं. आणि तो किती घाबरला होता, तू बघितलं नाहीस. नुसता थरथरत होता."

"मी पण थरथरत होते. रोज. गाडीत बसताना."

"तुझं वेगळं आहे गं. तू खंबीर आहेस. तू निभावून नेशील हे मला ठाऊक होतं."

हे त्यांनी कौतुकाने म्हटलं. खरोखर कौतुकाने. मला जर कुणी थोबाडीत मारली असती तरी इतकी लागली नसती.

"तुम्ही माझ्या शेजारी बसून फ्रेम निवडलीत, बाबा."

ते पुन्हा कडा घासायला लागले. घासता घासता म्हणाले, "झालं ते झालं. आता उगाळत बसू नकोस. चासी बदलून घेऊ, आणि गाडी तूच चालव. बस?"

"आणि लोकांना काय सांगायचं?"

"लोकांना कशाला काय सांगायचं? आपलं घर कसं गुण्यागोविंदाने चाललंय."

मी जोरात हसले. त्यांना कळलं नाही का ते.

आरसा त्याच दिवशी द्यायचा होता. घोड्याच्या खचलेल्या पायाखाली मी लाकडाची फळी सारली, पायातला फरक भरून काढला, आरसा बांधला आणि बाबांना म्हटलं, "तुम्ही चला बरोबर." ते गुडघा सावरत डाव्या सीटवर बसले. मी त्यांच्या बाजूचं दार आपटून लावलं.

पाण्याच्या टाकीपुढे रस्ता सरळ आहे आणि दुपारी रिकामा असतो. तिथे मी वेग कमी केला आणि दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढून मांडीवर ठेवले.

गाडी हळूच डावीकडे निघाली. त्यांच्या बाजूला. आधी पांढरी रेघ ओलांडली, मग कडेची माती चाकाखाली करकरली.

"अगं, धर! धर ना!" बाबांनी दोन्ही हातांनी डॅशबोर्ड पकडला.

"बघा बाबा. माझा हात कुठेय ते बघा."

"कळलं, कळलं मला! धर!"

मी धरलं. गाडी सरळ केली. त्यांच्या कपाळावर घाम आला होता आणि डोळ्यांत पाणीही असावं. मला वाटलं, झालं. आता पोचलं. खरं सांगायचं तर तेवढ्यावर माझा अर्धा राग उतरलाही. बाप आहे, चुकला. बाईंना एक वाक्य सांगितलं की पुरे, बाकी सगळं मी गिळून टाकीन, असं मी मनाशी ठरवलंसुद्धा.

आरसा सुखरूप उतरला. बाईंनी वरपासून खालपर्यंत निरखून बघितला, खालचा कोपरा जरा जास्तच वेळ. मग हसून बाबांना म्हणाल्या, "या वेळी अगदी छान आला हो. आज कोणी चालवली गाडी?"

मी बाबांकडे बघितलं. त्यांनीही माझ्याकडे बघितलं. त्यांना संधी होती आणि ती संधी आहे हे त्यांना माहीत होतं.

"चालवली हिनेच," बाबा म्हणाले, आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. "पण आज मी शेजारी बसलो होतो ना लक्ष ठेवायला!"

बाई हसल्या. बाबाही हसले.

मी आरसा भिंतीवर बसवला. काम अर्धं टाकून जायची मला सवय नाही. स्क्रू आवळले, कडा पुसल्या, मग टेप काढून तिरकी मापं घेतली, एक, आणि दुसरं. दोन्ही सारखी भरली. माझ्या मागे उभे असलेले बाबा आरशात दिसत होते, म्हणाले, "गुण्यात आहे?"

"आरसा आहे," मी म्हटलं.

मी चष्मा काढून मिटला, किल्लीसकट त्यांच्या शर्टाच्या खिशात ठेवला, आणि दाराबाहेर पडले. मागून त्यांनी दोनदा हाक मारली. गाडी अंगणात उभी होती, फाळका माझ्याकडे करून. तिला वळसा घालून मी पायी घरी निघाले, माझे कपडे आणायला.