चाकापासून बारा पावलं

बबनने चाक आधी बनवलं आणि त्यावर काय करायचं ते नंतर शिकायला घेतलं. अंबरनाथच्या कारखान्यात चौतीस वर्षं लेथवर धातू कातत काढलेल्या माणसाला हाच क्रम बरोबर वाटला. मशीन नीट असेल तर जॉब नीट येतो, हे त्याने हाताखालच्या पोरांना इतक्या वेळा सुनावलं होतं, की निवृत्तीच्या दिवशी पोरांनी तेच वाक्य फ्रेम करून त्याच्या हातात दिलं होतं.

मोटर जुन्या वॉशिंग मशीनची. ती उल्हासनगरच्या बाजारात मिळाली. सिंधी दुकानदाराने मोटर पुढे सरकवली आणि विचारलं, "चाचा, ड्रम तो है नहीं. कपडा किधर डालोगे?"

"कपडा नाही. मिट्टी."

"मिट्टी धोओगे?" म्हणून तो शेजारच्या दुकानदाराकडे बघून हसला.

बेअरिंग भंगारातून आलं. वरची तबकडी बबनने ओळखीच्या वर्कशॉपमध्ये स्वतः लेथवर टर्न करून आणली. कात्रपच्या तळमजल्यावरच्या फ्लॅटच्या बाल्कनीत चाक बसवलं आणि केसाएवढा फरकही दाखवणारं डायल गेज लावून बघितलं. चाक पूर्ण फिरलं तरी गेजची सुई जागची हलली नाही. बबनची मुलगी भावना बँकेच्या परीक्षेचं पुस्तक घेऊन दारात उभी होती. ती म्हणाली, "पप्पा, मातीला हे कळणार आहे का?"

हा खटाटोप चालला होता राजाबाईसाठी. राजाबाई म्हणजे बबनची आई, वय वर्षं शहाऐंशी. मार्चमध्ये बबनने तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. डॉक्टरांनी कागदावर गोल काढला आणि त्याचा मधला भाग पेनाने काळा केला. एवढं गेलंय म्हणाले. बाजूचं अजून दिसतंय, पण तेही किती महिने राहील ते सांगता येत नाही. वर्षाचा भरवसा धरू नका.

परतताना रिक्षात राजाबाई म्हणाली, "बबन्या, एक बघायचं राहिलं."

बबनला वाटलं, नागपूर म्हणेल. दीक्षाभूमीला ती दोनदा जाऊन आली होती, तिसऱ्यांदा न्यायची त्याची तयारी होती. राजाबाई म्हणाली, "कुंभाराचं चाक. जवळून."

मग तिने जे सांगितलं, ते बबनने बासष्ट वर्षांत कधी ऐकलं नव्हतं. मुरबाडकडच्या त्यांच्या गावात कुंभाराच्या अंगणाच्या कडेला एक दगड होता. यांच्या वस्तीतल्या माणसाने त्या दगडाशी थांबायचं. कुंभार मडकं आणून मध्ये ठेवायचा, मागे जायचा, मग यांनी उचलायचं. आठ वर्षांची राजाबाई मडकं आणायच्या निमित्ताने जायची आणि दगडाशी उभी राहून चाक बघत बसायची. "दगडापासून चाक बारा पावलं. मी नजरेनं मोजली होती. पण खरी मोजली एकदाच."

एकदा कुंभार पाणी प्यायला घरात गेला. चाक अजून फिरत होतं, वर ओलं मडकं होतं. पोर बारा पावलं चालून गेली आणि तिने मडक्याला एक बोट लावलं.

"मग?"

"गार होतं. आणि बोटाखालून पळत होतं."

"तसं नाही. मग काय झालं?"

"तो आला बाहेर. मारलं नाय त्यानं. आजूबाजूला बघितलं, कुणी बघतंय का. मग दोरीनं मडकं चाकावरनं कापलं, उचललं आणि कुंपणापल्याड निवडुंगात टाकून दिलं. खाली राहिलेली मातीबी खरवडून टाकली." रिक्षा खड्ड्यातून गेली, तशी तिने पुढचा दांडा धरला. "माणूस वाईट नव्हता. गावाला भ्यायचा. पण सगळी माती टाकली रं. चिखल होता नुसता. चिखलाला काय होतंय?"

भावनाने सोपा उपाय सुचवला. आजीला एखाद्या कुंभाराकडे घेऊन जाऊ, तासाभराचं काम आहे. राजाबाई ऐकेना. "कुणाच्या अंगणात जाऊन उभी नाय राहायची मी आता," ती म्हणाली. म्हणजे चाक घरात यायला हवं होतं, आणि ते चालवणारा घरातलाच हवा होता.

धडे भावनाने शोधून दिले. चोवीस व्हिडिओ होते. शिकवणारी बाई हिंदी बोलायची. तिचा चेहरा कधी दिसायचा नाही. दिसायचं फक्त चाक, आणि मनगटापर्यंत मातीने माखलेले दोन हात. बबन तिला मॅडम म्हणायचा. पहिल्या दिवशी त्याने सातवा व्हिडिओ चुकून आधी लावला. मॅडमच्या हातांत मातीचा गोळा होता. ते हात वर गेले, आणि त्यांच्या मागोमाग माती उभी राहत गेली, पेरूएवढी होती ती वीतभर उंच झाली. कुठे पातं नाही, कुठे किस नाही. लेथवर वस्तू घडते ती धातू कापून. नको असलेलं काढून टाकलं की उरतो तो जॉब. इथे काहीच कापलं जात नव्हतं. गोळ्यातली सगळी माती भांड्यात गेली होती. बबनने तो व्हिडिओ सहा वेळा बघितला आणि चहा गार झाला.

मग त्याने शिस्तीत पहिल्यापासून सुरुवात केली आणि तिसऱ्या धड्यावर अडकला. मातीचा गोळा फिरत्या चाकाच्या बरोबर मध्यावर आणायचा, एवढाच तो धडा. मध्यावर आला नाही तर पुढचं काहीच होत नाही.

बबनला हसू आलं होतं. सेंटर काढणं हे काम तो झोपेत करायचा. चार जबड्यांच्या चकमध्ये, म्हणजे लेथच्या पकडीत, जॉब धरायचा, हाताने फिरवायचा, कुठली बाजू बाहेर येते ते बघायचं आणि तेवढीच बाजू आत ढकलायची. मातीवरही त्याने तेच केलं. गोळ्याचा फुगवटा हाताशी आला की ढकलायचा. पण इथे फुगवटा सेकंदाला दोन-तीनदा येत होता. हात त्याच्या मागे धावायचा, आणि ढकलला की तो दुसऱ्या बाजूने वर यायचा.

जून गेला. गोळा चाकावरून सुटून दोरीवरच्या कपड्यांवर बसला. आधी आणलेल्या खरवईच्या वीटभट्टीवरच्या मातीतल्या खड्यांनी तळहात सोलले, मग भावनाने चाळलेली माती मागवली. जुलैत एकदा बबनने चक्क ओल्या गोळ्यावर डायल गेज टेकवलं. गेज चिखलाने भरलं. भावनाने त्याचा फोटो काढला.

"काढ, काढ. हसा बापाला."

"हसत नाही पप्पा. गेजची दया आली."

बिघडलेली प्रत्येक माती बबन एका बादलीत टाकत होता. बादली भरत चालली होती. आणि मे महिन्यात ज्या राजाबाईला दारातून आत येणाऱ्याचे खांदे दिसायचे, ती आता "कोण?" असं विचारू लागली होती. बबन दुपारी व्हिडिओ लावायचा, बघायचा, बंद करायचा, चाकावर बसायचा. आवाज बंदच असायचा. आई झोपलेली असते, हे एक कारण. खरं कारण कारखान्यातलं होतं. वीस मशीनं चालू असताना तिथे कोणी बोलून शिकवत नव्हतं. उस्ताद काम करायचा, पोरांनी हात बघायचे. बोलणं कँटीनमध्ये. हात बघून जो शिकत नाही तो कामाचा नाही, असं बबनला शिकवलं गेलं होतं, आणि त्यानेही पुढे तेच शिकवलं होतं.

ऑगस्टच्या तिसऱ्या रविवारी बबनने सलग चौथा गोळा बादलीत आपटला आणि एक शिवी दिली. राजाबाई बाल्कनीच्या दारात खुर्चीवर बसली होती.

"झोपली नाहीस?"

"तू झोपू देशील तर. बबन्या, कोपर कुठाय तुझा?"

"काय?"

"कोपर. हवेत हाय का?"

बबनने बघितलं. कोपर हवेत होता. दोन्ही.

"त्या कुंभाराचा मांडीला असायचा," राजाबाई म्हणाली. "बकरं खुट्याला बांधावं तसा. माती उड्या मारायची, पण त्याचा हात जागचा हलायचा नाय. मग मातीच दमायची."

"तुला एवढं कसं आठवतं?"

"बारा पावलांवरून बोटं थोडीच दिसतात? माणूस दिसतो अख्खा."

बबनने फोनकडे बघितलं. मनगटापर्यंतचे दोन हात. त्याच्या पुढे चौकट संपत होती. अडीच महिने त्याने त्या हातांची नक्कल केली होती, आणि ते हात कशाला टेकले आहेत हे त्याला दिसूच शकत नव्हतं.

त्याने भावनाला हाक मारली. "याचा आवाज मोठा कर."

"आवाज बंद का होता?"

"कर तू."

तिसरा धडा पहिल्यापासून लागला. दुसऱ्या मिनिटाला मॅडमचा आवाज शांतपणे म्हणाला, "कोहनी को जाँघ पर टिका लो. मिट्टी के पीछे मत भागो. आप रुक जाओ, मिट्टी आएगी."

भावना बापाकडे बघत राहिली. "पप्पा. तुम्ही अडीच महिने म्यूटवर शिकत होतात?"

"मशीन शॉपमध्ये असंच शिकतात."

"आजीने न बघता सांगितलं आणि तुम्ही..."

"गप बस. मग हस."

बबनने पाचवा गोळा चाकावर आपटला. कोपर मांडीवर घट्ट टेकवला, तळवा मातीला लावला आणि मोटर सुरू केली. फुगवटा आला, तळव्यावर आदळला. चौतीस वर्षांची सवय म्हणाली, ढकल. तो थांबला. पुन्हा आदळला. हाताला नुसता मार बसत होता, आणि मार खाऊन गप्प राहणं हे बबनला सगळ्यात अवघड होतं. विसाव्या की तिसाव्या फेऱ्याला धक्के मऊ झाले. मग तळव्याखाली नुसती सरसर उरली, तीही हळूहळू गुळगुळीत होत गेली.

त्याने हात काढला.

गोळा फिरायचा थांबला होता. बबनने दचकून मोटरकडे बघितलं. ती चालू होती. तबकडीच्या कडेला चिकटलेला मातीचा ठिपका गरगर फिरत होता. गोळा मात्र त्यावर देवळातल्या समईसारखा स्थिर होता. ओल्या अंगावर बाल्कनीच्या गजांची प्रतिबिंबं पडली होती आणि ती हलत नव्हती.

एकोणिसाव्या वर्षी लेथवर पितळेचा दांडा असाच थांबलेला बघून त्याने बोट पुढे केलं होतं आणि उस्तादाने थाडकन थोबाडीत दिली होती. त्यानंतर हजारो जॉब मध्यावर आले. त्याने ते मोजले, पास केले, पाठवून दिले. बघितले नव्हते. लोखंडाला कसून धरलेलं असतं, ते मध्यावर राहणारच. या चिखलाला कोणीच धरलेलं नव्हतं.

"आलं?" राजाबाईने दारातून विचारलं.

"तुला दिसलं?"

"आवाज बदलला."

बबनने पुढचं भराभर केलं, कारण हात थांबले तर धीर सुटेल असं त्याला वाटत होतं. अंगठे मध्यावर रोवून खळगा केला, भिंत उचलली, एकदा, दोनदा. वाटी झाली. ओंजळीएवढी, काठ जरा जाड. मोटर चालूच ठेवून तो उठला आणि आईचा हात धरला. खुर्चीपासून चाक तीन पावलांवर होतं. राजाबाईने ती सावकाश टाकली.

भावनाने स्टूल दिलं. राजाबाई बसली आणि तिने मान एकीकडे वळवली. समोरचं तिला दिसत नसे; डोळ्याच्या कडेने ती बघत राहिली, कोंबडी दाणा बघते तशी.

"उभंच हाय की," ती शेवटी म्हणाली. "फिरतंय आणि उभंच हाय. तिथनं मला वाटायचं, लांबून दिसतं म्हणून तसं दिसतं. जवळूनबी तसंच हाय."

"हात लाव."

"लावू?"

"अगं, आपलंच आहे."

तिने तर्जनी पुढे केली. बोट वाटीच्या अंगाला टेकलं आणि त्याच क्षणी वाटीभोवती एक रेघ उमटली, पूर्ण गोल, जिथून निघाली तिथेच येऊन मिळालेली. त्या म्हाताऱ्या बोटाला कंप होता. रेघेत तो उतरला नव्हता. बबनने नकळत वाकून बघितलं. इतकी खरी रेघ त्यालाही हाताने मारता आली नसती.

"गार हाय," राजाबाई म्हणाली. "तशीच पळतेय."

ती हसली आणि बोट थोडं दाबलं गेलं. वाटीचा काठ डगमगला, एक बाजू आत वळली, आणि दोन फेऱ्यांत सगळी वाटी आपल्याच अंगावर कोसळून बसली.

राजाबाईने झटकन हात ओढून पदराखाली लपवला. बबनने आईला इतकं घाबरलेलं कधी बघितलं नव्हतं, डॉक्टरांनी कागदावर काळा गोल काढला तेव्हाही नाही.

"मोडलं," ती म्हणाली. "आता टाकशील?"

बबनने मोटर बंद केली. कोसळलेली माती दोन्ही हातांनी खरवडून घेतली, तबकडीवर कणही ठेवला नाही, आणि ती बादलीत सोडली. मग बादली उचलून आईच्या पायांशी ठेवली.

"हात घाल यात. ही सगळी जूनपासून मोडलेली. वरची आता तुझी. सुकवायची, मळायची, परत चाकावर."

"हीच?"

"हीच. मॅडम म्हणते, भाजेपर्यंत माती वाया जात नाही."

"आवाज चालू ठेवून ऐकलंय ना?" भावनाने विचारलं.

राजाबाईने पदराखालचा हात बाहेर काढला आणि बादलीत घातला. मनगट बुडालं. ती तळाशी काहीतरी शोधत असल्यासारखी चिखल ढवळत राहिली. बबनने पिशवीतला नवा गोळा घेऊन चाकावर बसवला. राजाबाईने बादलीतून मूठभर माती काढली, चाचपडत पुढे झाली आणि ती त्या गोळ्याच्या डोक्यावर थापली.

दोन वेगळ्या ओलाव्यांची माती एकत्र मध्यावर येत नाही, एवढं बबनला आता कळत होतं. तरी त्याने कोपर मांडीला टेकवला आणि चाक सुरू केलं.