सासूबाईंचं नरसाळं

मुलगी मागायला जायचं तर आमच्या चियापासच्या डोंगरात आधी बाटल्यांचे क्रेट घराबाहेर पडतात, माणसं मागून. पूर्वी पोश असायची, उसाची कडक दारू. तिनं घरं बुडाली म्हणून शहाण्यांनी बाटली बदलली आणि काळं गोड कोल्ड्रिंक आणलं. दारू सुटली म्हणून बायकांनी हुश्श केलं. संकटानं नुसती जागा बदलली होती, हे कळायला आमच्या ह्यांना मक्याच्या शेतात भोवळ यावी लागली.

आमचे हे म्हणजे रोमिन. दवाखान्यातल्या नर्सबाईनं दंडाला पट्टा गुंडाळला आणि तिचं तोंडच उतरलं. म्हणाली, पाण्याऐवजी या बाटल्याच पिता तुम्ही. एवढ्या साखरेनं अंगात मीठ-पाणी साठून राहतं, रक्तवाहिन्या आवळतात, मग हृदयाला जोर लावून रक्त ढकलावं लागतं. ते बिचारं किती ढकलेल? ह्यांनी शहाण्यासारखी मान डोलावली आणि बाहेर पडल्या पडल्या दुकानाकडे वळले. मी दंडाला धरून घरी आणलं. मग भांडण झालं, अबोला झाला, आणि शेवटी तोंड वाकडं करत का होईना, मक्याची आंबील प्यायला लागले. पाऊस सरता सरता रक्तदाब खाली आला. नर्सबाई हसली, आणि मला वाटलं, जिंकले बाई मी.

तेवढ्यात आमच्या पोरानं, लोलनं सांगितलं, लग्न करीन तर मातलशीच.

पोरगी गुणाची, पण बाप मिकुलाश नाकावर माशी बसू देणारा नाही. आणि रीत अशी, की दोन्ही बापांनी समोरासमोर बसायचं नि बाटलीमागून बाटली रिकामी करायची. बाटली अर्धी ठेवली की मागणी अर्धी राहिली. वरच्या वाडीतलं एक लग्न एवढ्यावरून मोडलेलं मला ठाऊक आहे.

हे म्हणाले, एका दिवसानं काय मरतो का मी? मला त्या एका दिवसाची भीती नव्हतीच. ह्यांना मी ओळखते, बोट दिलं तर हात धरणारा माणूस. त्या दिवशी प्यायले असते तर दुसऱ्या दिवशी पुन्हा दुकान. आणि न प्यावं तर पोराचं लग्न जातं. लोल म्हणाला, बाबांनी पिऊ नये, मी थांबतो. थांबतो म्हणाला, पण दोन दिवस नीट जेवला नाही. इकडे आड, तिकडे विहीर.

मग मला सासूबाईंचं पत्र्याचं नरसाळं आठवलं. त्यांना पोश सोसत नसे. त्या शालीखाली ते नरसाळं आणि रिकामी बाटली नेत. पेला ओठाला लावायचा, उरलेलं नरसाळ्यातून बाटलीत सोडायचं. देणाऱ्याचा मान राहतो, घेणाऱ्याचं पोट वाचतं. कोल्ड्रिंकसाठी मात्र नरसाळं काढलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

मिकुलाशच्या अंगणात बसलो. त्यानं चपलांचे पट्टे सोडून ठेवले होते, पाय सुजून भाकरीसारखे फुगलेले. पहिली बाटली उघडली. ह्यांनी वाकून पेला घेतला, ओठाला लावला आणि मी पुढे केलेल्या नरसाळ्यात ओतला. फेस वर आला.

मिकुलाशनं आपला भरलेला पेला खाली ठेवला. "तूच आणलंस आणि तूच ओतून टाकतोस? म्हणजे हे विष मला पाजायला आणलंस होय?"

माझ्या नवऱ्याचा जीव वाचवायला निघाले होते मी, दुसऱ्याच्या पेल्याचा विचारच केला नव्हता. माणूस तिरसट होता, पण बोलला ते अगदी खरं होतं.

हे उठून उभे राहिले. मला वाटलं, आता रागानं क्रेट उचलतील. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. "चुकलं, दादा. जे मला सोसत नाही ते तुमच्यापुढे ठेवलं." आणि मग शेतातली भोवळ, नर्सबाई, सगळं सांगून टाकलं. पुरुषमाणसानं परक्याच्या अंगणात आपलं दुखणं सांगावं, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

बोलावल्याशिवाय मुलीनं बाहेर यायचं नसतं, पण स्वयंपाकघरातून मातल आली. मान खाली, हातात रिकामी बाटली. ती तिनं बापाच्या सुजलेल्या पायांशी ठेवली आणि माझ्यापुढे हात पसरला. मी नरसाळं दिलं.

"लाज सोडलीस का गं?" बाप म्हणाला, पण आवाजात धार नव्हती.

"सोडली, बाबा. माझ्या लग्नात तुम्ही नाचायला हवे."

तिची आई दारात पदराआड रडत होती. किती दिवसांचं साठलेलं होतं देव जाणे. मिकुलाशनं पेला उचलला, त्याच्याकडे एकदा बघितलं आणि नरसाळ्यात उपडा केला. मग बायकोवर खेकसला, रडतेस काय, आंबील आण, पाहुण्यांच्या घशाला कोरड पडलीये.

दोघा बापांनी आंबिलीचे पेले रिकामे केले, तळापर्यंत. ह्यांनी नेहमीसारखं तोंड वाकडं केलं, आणि ते पाहून मिकुलाश पहिल्यांदा हसला.

निघताना त्यानं ह्यांना बाजूला घेतलं. "ती नर्सबाई कोणत्या वारी बसते?"

"गुरुवारी. मी येतो सोबत."

"या," मिकुलाश म्हणाला. "व्याह्यानं एकट्यानं जाणं बरं दिसत नाही."