वाढणाऱ्यांची पंगत

या, जवळ सरका. मागच्या बायांनो, भिंत सोडा अन् पुढं या, आजची गोष्ट समुद्राची आहे आणि समुद्राचा आवाज माझ्यापेक्षा मोठा. गोष्ट आपल्या चिटगुप्प्याच्या कमलम्माची. ऐकून उठाल तेव्हा पोट भरल्यासारखं वाटेल, एवढं वचन देतो.

कमलम्माचा मुलगा अमरनाथ हैदराबादला नोकरीला. अव्वानं, म्हणजे आईनं, साठ वर्षांत समुद्र बघितला नाही, ही गोष्ट त्याला कायम टोचायची. दाखवायचा तर काठावरून नाही, मधोमध नेऊन दाखवायचा, असं त्यानं मनाशी धरलं होतं. या दिवाळीनंतर त्यानं अव्वा, अप्पा आणि बायको नेत्रावती यांना घेऊन मुंबईच्या धक्क्यावरचं मोठं जहाज गाठलं. अकरा मजली! आपला अख्खा बाजार उचलून आत ठेवला तरी वर जागा उरावी.

आत जाताना सामान तपासणारा शिपाई यंत्राच्या पडद्याकडं बघून चक्रावला. "अम्मा, इसमें प्लेटां हैं क्या?"

"भाकऱ्या हैं, बाबा. कडक भाकऱ्या. तोड के दिखाऊँ?" कमलम्मानं डबा उघडला. ज्वारीच्या पातळ, वाळवून खडखडीत केलेल्या भाकऱ्या आणि शेंगाची चटणी. शिपाई हसला आणि जाऊ दिलं.

नेत्रावती सासूच्या कानात म्हणाली, "आत्या, आत खायला डोंगर आहेत म्हणं. हे कामून आणलं?"

"माझ्यासाठी न्हाई गं."

तर तिचा नेम सांगतो. सकाळी लिंगपूजा झाली की आधी एका परक्या जिवाला घास द्यायचा, मगच आपल्या तोंडात घालायचं. तिची सासू चंद्रम्मा जाताना तिचा हात धरून हा नेम देऊन गेली. घरचं माणूस त्यात चालत नाही. गावात अडचण कधी आली नाही. बाजाराला आलेली बाई असायची, दारावरून जाणारा जंगम असायचा, कुणीच नसलं तर गाय होतीच. एकतीस वर्षांत नेम मोडला नव्हता. निघाल्या दिवशीही धक्क्यावरच्या हमालाला तिनं पहिला घास दिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा आटोपून ती वरच्या मजल्यावर गेली. चहूकडं पाणीच पाणी, आणि त्यावर कोवळं ऊन. तिनं हात जोडले. "देवा, कुणाच्या घागरीनं भरलास रे एवढं?" डोळे भरून आले. लेकाला तिनं मनातल्या मनात दहादा आशीर्वाद दिला. मग पदरातली भाकरी काढून ती माणूस शोधायला लागली.

खुर्चीत पहुडलेल्या एका म्हाताऱ्या बाईपुढं तिनं तुकडा धरला. बाईनं पोटावर हात ठेवला. "बस बहन, तीन प्लेट झाल्या." दुसरा म्हणाला, आत्ताच खाऊन उठलो. एका लहान मुलीनं केकनं माखलेलं तोंड फिरवलं. अहो, तीन हजार माणसं, आणि एकही भुकेलं नाही! गाय नाही, कावळा नाही. शेवटी तिनं कठड्यावरून माशांना चुरा टाकायला हात उचलला, तर पहारेकरी धावत आला. समुद्रात काहीच टाकायचं नाही, म्हणाला. खरंच होतं त्याचं.

दोन वाजले. तिला साखरेचा आजार, आणि त्याची गोळी जेवणाशिवाय घ्यायची नव्हती. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नव्हता.

जेवणाच्या दालनात अमरनाथनं ताट तिच्यापुढं सरकवलं. "अव्वा, खा बघू."

"थांब जरा. कुणीतरी भेटंल."

"हितं कोण भेटायलंय? चार वर्षं झाली, हे तुला दाखवायचं म्हणून धडपडायलोय. अन् तू माझ्यासमोर उपाशी बसायलीस! चक्कर येऊन पडलीस तर मी काय समुद्र बघू?"

हावगेप्पा, तिचा नवरा, आइस्क्रीमची तिसरी वाटी चाटत म्हणाले, "मला परका समज गं आजच्या दिवशी. सकाळपासून तसंच वागवायलीस."

सगळे हसले. कमलम्माही हसली, पण पेच सुटला नव्हता. खावं तर सासूला दिलेला शब्द जातो, न खावं तर लेकाच्या जिवाची हौस मातीत जाते. तिनं डोळे मिटले.

आणि मिटल्या डोळ्यांपुढं चंद्रम्मा आली. कशी? लग्नाच्या मांडवात, परातीशी उभी. आपल्याकडं रीत आहे बघा, सगळ्या पंगती उठल्या की शेवटी वाढणारे बसतात, आणि त्यांना घरची थोरली बाई आपल्या हातानं वाढते. चंद्रम्मा ती पंगत कधी चुकवत नसे. म्हणायची, "कमला, जेवणाऱ्यांत भुकेला शोधू नको. वाढणाऱ्याकडं बघ."

कमलम्मानं डोळे उघडले. समोर ताटं उचलणारी एक बाई होती, चाळिशीची, ओडिशाकडची. छातीवरच्या पट्टीवर मिनती असं नाव.

"बेटी, तू खाना खाई क्या?"

"नहीं अम्मा. सबका होने के बाद. साढ़ेतीन बजे."

"तेरे कू परोसता कौन?"

मिनती गोंधळली. हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. "कोई नहीं. खुद लेते. खड़े-खड़े."

कमलम्मा लेकाकडं वळली. "अमर, जा. त्यांच्या मोठ्या साहेबाला विचार. मी यांना वाढू का म्हणावं. चोरून न्हाई, विचारून."

"अव्वा, लोक हसतील."

"हसू दे की."

तो उठला. लाजत, पाय ओढत दालनाच्या प्रमुखापाशी गेला. नेम सांगितला, आजीला दिलेल्या शब्दाचं सांगितलं, साखरेचंही सांगितलं. प्रमुख उंच, पिकल्या केसांचा माणूस. त्यानं दूरवर बसलेल्या कमलम्माकडं बघितलं. म्हणाला, "दालन रिकामं झालं की पंधरा मिनिटं. मीही बसेन."

साडेतीनला कोपऱ्यातल्या लांब टेबलाशी नऊ जण बसले, प्रमुखही त्यांतच. कुणी भांडी घासणारं, कुणी भाज्या चिरणारं. कमलम्मानं कपाळाला विभूती लावली, पदर खोचला आणि पहिला तुकडा मिनतीच्या ताटात ठेवला, वर शेंगाची चटणी. मग एकेकाला. अमरनाथ मागून डाळ-भात वाढत होता, नेत्रावती पोळ्या, आणि हावगेप्पा पाण्याचा जग घेऊन "पाणी, पाणी" करत लग्नातल्यासारखे फिरत होते. कडक भाकरी कडाकडा मोडल्याचा आवाज त्या चकचकीत दालनात घुमला.

"सात महीने में पहली बार किसी ने परोसा," मिनती म्हणाली. जेवून उठली, हात धुतले, कमलम्माला खांद्याला धरून खुर्चीत बसवलं आणि तिचं ताट स्वतः वाढलं. "अब तुम, अम्मा."

कमलम्मानं गोळी घेतली, पहिला घास घेतला. अमरनाथ शेजारी बसून बघत होता. "समुद्र बघितलास का अव्वा?"

"बघितला रं राजा," ती घास गिळत म्हणाली. "तुझ्यामुळं बघितला."

तर माझ्या मायबापांनो, तुमच्या घरी कार्य होईल, पंगती उठतील, वाढून वाढून कुणाचा हात भरून आला असेल. त्याला बसवा, त्याच्या ताटात आपल्या हातानं घाला. आणि घालताना, एवढं माझं मागणं आहे, चिटगुप्प्याच्या चंद्रम्माची आठवण काढा.