फोन सांगेल तो भाव

आमच्या त्रिपोलीत आतिफइतका सरळ दुकानदार नाही, असं सगळे म्हणायचे. नोटा बदलून देणारे बाकीचे लोक डॉलर बघितला की नाक मुरडत. नोट जुनी आहे, कोपरा दुमडलाय, म्हणून भाव पाडत. आतिफ फक्त विचारायचा, "फोन काय म्हणतो?" फोन म्हणेल तेवढे लिरा तो हातावर ठेवायचा. घासाघीस नाही, कुरकुर नाही.

फोनवर भाव दाखवणारा तो प्रोग्राम मी आणि मुनीरने लिहिला होता. मुनीर आतिफचा भाचा आणि माझा कॉलेजपासूनचा मित्र. बँकांनी लोकांच्या ठेवी गिळल्या, सरकारी भावाला कुत्रं विचारेना, त्या वर्षी आम्ही हे सुरू केलं. परदेशातून मुलाने पाठवलेले डॉलर, त्यांचे आजचे लिरा, औषधं, जनरेटरवाल्याचं बिल, घरचा सगळा हिशोब एका जागी. ओपन सोर्स, म्हणजे फुकट, आणि आतली ओळ न् ओळ कुणालाही वाचायला मोकळी. बाजारातला खरा भाव आमचे बेकरीवाले, टॅक्सीवाले, विद्यार्थी दिवसभर कळवायचे. मुनीरच्या घरातलं एक मशीन त्याची सरासरी काढून सगळ्यांच्या फोनवर पाठवायचं.

मी दारोदार हिंडून लोकांना तो बसवून दिला. "यात लपवाछपवी नाही," असं छातीठोकपणे सांगितलं. वाचला अर्थात कुणीच नाही. उघडा आहे म्हणजे कुणीतरी तपासलाच असेल, असं जो तो धरून चालला. मीसुद्धा.

त्या सकाळी लिरा धाडकन कोसळला. भाजीबाजारातून मी स्वतः डॉलरचा नवा भाव कळवला आणि आमच्या खाली राहणाऱ्या उम्म झियाद मावशीबरोबर आतिफकडे गेले. तिच्या मुलाने सिडनीहून तिच्या हृदयाच्या गोळ्यांसाठी डॉलर पाठवले होते.

"फोन काय म्हणतो, उम्म झियाद?"

मावशीने फोन पुढे केला. आकडा जुनाच. मला वाटलं, नेट रखडलं असेल. तेवढ्यात गल्ल्यावर ठेवलेला आतिफचा फोन उजळला. तोच आमचा हिरवा पडदा, तीच अक्षरं. आकडा मात्र मी बाजारात ऐकलेला, नवा.

"मावशी, थांब. आत्ता देऊ नकोस. भाव वर गेलाय, त्यांच्या फोनवर बघ!"

आतिफने फोन पालथा घातला. "दुसऱ्याच्या फोनमध्ये डोकावू नये, पोरी."

मावशी माझ्यावरच उखडली. "सकाळी सकाळी भल्या माणसावर संशय? जीभ झडेल तुझी! फोन सांगेल तो भाव, हे मला कुणी शिकवलं?" तिने डॉलर दिले, लिरा पिशवीत कोंबले आणि वर आतिफला दुवा दिला.

मी तडक मुनीरकडे निघाले. वाटेतच सगळ्यांच्या फोनवर नवा आकडा आला.

मुनीर न्याहारी करत बसला होता. "बरं झालं आलीस. वालाची उसळ गरम आहे, खा."

"आतिफमामाला भाव आधी कळतो?"

त्याने रोटीचा तुकडा मोडला, वाटीत बुडवला. नाही म्हणाला असता तर मी विश्वास ठेवला असता, इतकी मी मूर्ख. पण तो म्हणाला, "प्रोग्राम उघडा आहे, झल्फा. एक ओळ खोटी दाखव."

"प्रोग्रामचं नाही विचारत. या मशीनचं विचारतेय."

"मशीनला वीज लागते. सरकारची तर येते कधी नि जाते कधी. जनरेटरचे पैसे कोण भरतं? तू?"

"मामा."

"मग! फुकट फुकट म्हणून गावभर मिरवलीस. हे चालतं कशावर, कधी विचारलंस?"

"आणि डॉलर उतरला की? तेव्हाही लोकांना उशिराच कळतं?"

"तेव्हा लगेच," तो वाटीकडे बघत म्हणाला.

म्हणजे चढताना लोक आंधळे, उतरताना डोळस, आणि दोन्ही वेळा मामाची चांदी. राखण करायला ठेवलेलं कुंपणच शेत खात होतं, आणि ते कुंपण घालताना मीच त्याच्या बरोबरीने घाम गाळला होता.

"केसाने गळा कापलास रे."

"नाटकं नकोत. प्रोग्रामवरून तुझं नाव मी काढलंय का? अजून माझ्या आधी तुझंच आहे."

ते त्याने उपकार केल्यासारखं सांगितलं. वाटी त्याच्या तोंडावर फेकावीशी वाटली. इतक्या वर्षांत या माणसाला मी एकदाही उलटून प्रश्न विचारला नव्हता, कारण तो मुनीर होता.

घडलं ते सगळं मी नेटवरच्या प्रोग्रामच्या पानावर लिहून टाकलं. पण ते पान कधी कोण वाचतं? म्हणून संध्याकाळी मावशीच्या दारात उभी राहिले आणि तोंडाने सांगितलं. लिरांची पिशवी रिकामी होऊन टेबलावर पडली होती. गोळ्यांचं एक पाकीट कमीच आलं होतं.

"कधीपासून चाललंय हे?"

"माहीत नाही, मावशी."

तिने फोन माझ्यापुढे धरला. "काढ ते."

मी काढलं. "मला खरंच ठाऊक नव्हतं गं. मुनीरने…"

"मुनीरला मी कुठे ओळखत होते?" ती म्हणाली. "मी तुला ओळखत होते."

मी निघाले तेव्हा तिने कॉफी विचारली नाही. त्या घरातून मी कॉफीशिवाय कधी बाहेर पडले नव्हते.