महालक्ष्म्यांमागची पाचर

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी पाचर आहे. एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला निमुळती, आणि लांबीला तुमच्या बोटाएवढी. कुणी चालत्या कामात अडथळा आणला की तुम्ही म्हणता, "त्याने पाचर मारली." उगाच आमची बदनामी! माझा सगळा जन्म दुसऱ्यांसाठी जागा राखण्यात गेला आहे.

गोपीनाथ सुतार अमरावतीकडून भोपाळला आले, तेव्हा एका मोडक्या दाराच्या तुकड्यातून त्यांनी मला आणि माझ्या बहिणींना कापले. गोपीनाथ दारे-खिडक्या करत. त्यांच्यामागे आम्ही त्यांच्या मुलाच्या, उदयच्या, हाती आलो. उदय घरांमध्ये लाकडी जमिनी बसवतो. त्या फळ्यांना इंजिनिअर्ड वुड म्हणतात. वर खऱ्या लाकडाचा पातळ थर असतो आणि खाली प्लायवुडसारखे आडवे-उभे चिकटवलेले थर. दिसायला मोठ्या रुबाबदार, पण अंगात लाकूडच. दमट हवेत त्या फुगतात, कोरड्या हवेत आक्रसतात. म्हणून भिंतीला चिकटवून त्यांना बसवत नाहीत, चहूबाजूंनी थोडी फट ठेवतात. काम चालू असताना फळी आणि भिंत यांच्यामध्ये उभ्या राहून ती फट आम्ही धरून ठेवतो. काम संपले की आम्हाला काढायचे, फटीवर पट्टी लावायची आणि आम्ही परत पिशवीत.

तळ्याकाठच्या जुन्या हवेल्यांमध्ये मी राबले आहे. तिथल्या भिंती कुठे पोट सुटलेल्या, कुठे आत दबलेल्या. फट राखता राखता जीव मेटाकुटीला येई. मिसरोदच्या नव्या फ्लॅटमध्ये भिंती सरळ, पण घरमालकांना भारी घाई. "आज संध्याकाळपर्यंत होऊन जाईल ना?" हा प्रश्न मी प्रत्येक घरात ऐकला आहे. काम झाल्यावर सगळे फळ्यांची तारीफ करतात. पाचर कुठे होती, हे कुणी विचारत नाही. आधी मला याचे वाईट वाटे. मग सवय झाली.

पण मागच्या भाद्रपदात जे घडले, त्याची सवय मला कधीच होणार नाही.

हबीबगंजच्या बाजूला एक जुने बैठे घर आहे. तिथे वसंतराव आणि वैजयंतीबाई राहतात. वसंतराव सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, साखरेचा आजार असलेले गृहस्थ. घरात मुलगा प्रसाद आणि सून केतकी. मूळचे हे विदर्भातले, त्यामुळे घरी महालक्ष्म्या बसतात. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघी साड्या नेसवून दिवाणखान्यात उभ्या करतात. यंदा महालक्ष्म्या नव्या लाकडी जमिनीवर बसाव्यात, असे वैजयंतीबाईंच्या मनात होते. पाऊस मध्येच आला, सामान उशिरा पोचले, आणि उदयचे काम सणाला येऊन भिडले. शेवटची ओळ बसली तेव्हा डिंक ओला होता.

"काकू, पाचरी रात्रभर राहू द्या," उदय म्हणाला. "उद्या सकाळी येऊन काढतो. आणि जमीन धुवू नका हां. फक्त ओल्या फडक्याने पुसायची."

दुसऱ्या दिवशी उदय आला, तर दारातच त्याला थांबवले गेले. वैजयंतीबाई सोवळ्यात होत्या. आमच्या भिंतीपुढे मखर उभे राहिले होते आणि दोघी महालक्ष्म्या बसल्याही होत्या.

"काकू, बस पाच मिनिटं. मागच्या पाचरी तेवढ्या काढून घेतो."

"आता काहून? मुहूर्तावर बसवल्या आहेत. एकदा बसवल्या की विसर्जनाशिवाय हलवायच्या नाहीत. तुला माहीत नाही का?"

उदयला माहीत होते. त्याच्याही घरी महालक्ष्म्या होत्या. तो घुटमळला, बाकीच्या भिंतींच्या पाचरी काढल्या आणि म्हणाला, "बरं, मग विसर्जनानंतर येतो." मला आजही वाटते, त्याने तेव्हा अडून बसायला हवे होते.

आणि मित्रांनो, एक गोष्ट त्याला कुणी सांगितलीच नाही. देवी बसवण्याआधी वैजयंतीबाईंनी बादलीभर पाणी ओतून जमीन धुतली होती. धुतल्याशिवाय महालक्ष्म्या बसवायच्या, हे त्यांच्या हाताला ठाऊकच नव्हते. ते पाणी सांध्यांतून खाली उतरले होते.

बाहेर पाऊस, खाली पाणी. फळ्या फुगू लागल्या. आमच्या बाजूला त्यांना सरकता येईना, कारण आम्ही ठाम उभ्या होतो. सगळा रेटा समोरच्या बाजूला गेला. तिथली फट संपली, आणि फळ्या वसंतरावांच्या खोलीच्या दगडी उंबरठ्याला जाऊन टेकल्या. आता पुढे दगड, मागे मी. माझ्या अंगातून कुरकुर आवाज येऊ लागला. मला ओरडून सांगावेसे वाटत होते, "मला काढा! आता मी जागा राखत नाही, जागा अडवते आहे!" पण पाचरीला कुठे तोंड असते?

महानैवेद्याचा दिवस उजाडला. पुरणपोळ्या झाल्या, आंबील झाली, भाज्या झाल्या. सवाष्ण म्हणून वसंतरावांची बहीण नागपूरहून यायची होती आणि तिची गाडी उशिरा धावत होती. प्रसाद तिला आणायला स्टेशनवर गेला. नैवेद्य थांबला. वसंतरावांनी सकाळी नेहमीप्रमाणे साखर उतरवणारी गोळी घेतली होती, पोटात मात्र काही नव्हते.

"बाबा, दोन घास खाऊन घ्या ना," केतकी म्हणाली.

"नैवेद्याच्या आधी? आजपर्यंत नाही खाल्लं, आता खाऊ? जरा पडतो मी." ते खोलीत गेले आणि दार लोटून घेतले.

ती खोली पूर्वी कोठीची होती. तिला खिडकी नव्हती, वर छताजवळ एक झरोका तेवढा. मागे एकदा वसंतराव आत पडले आणि दार त्यांच्यावरच अडकले, म्हणून प्रसादने ते दार बाहेर, दिवाणखान्याकडे उघडेल असे फिरवून घेतले होते. चांगल्या विचाराने केलेली गोष्ट होती ती. पण त्या दुपारी उंबरठ्यापाशी कट्‌ असा आवाज झाला आणि फळ्या वर उचलल्या गेल्या. दाराच्या खालची कड त्यांत घट्ट रुतली.

थोड्या वेळाने आतून काठी आपटल्याचा आवाज आला. केतकी धावली, दार ओढले. दार हलेना.

"बाबा! बाबा, काय होतंय?"

"घाम... हात थरथरतात..." आवाज जड झाला होता. ते दारालाच टेकून खाली बसले होते. दार फोडायचे म्हटले तरी घाव त्यांच्यावरच बसला असता. दाराखालून साखर सरकवायलाही फट उरली नव्हती. प्रसादचा फोन लागत नव्हता. केतकीने उदयला फोन लावला. तो शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, करोंदला, एका कामावर होता.

"भाभी, दार ओढू नका, आणखी अडकेल," फोनवरून उदयचा घाबरा आवाज मलाही ऐकू आला. "जमीन धुतली होती का? अरे देवा! भाभी, देवीच्या मागच्या भिंतीला माझ्या पाचरी आहेत. त्या काढा. सगळा जोर तिथे अडलाय. मी निघालोच, पण मी पोचेपर्यंत थांबू नका."

केतकीने सासूकडे पाहिले. वैजयंतीबाई हात जोडून मखरापुढे उभ्या होत्या. त्यांचे ओठ हलत होते.

"नैवेद्य दाखवायचा राहिलाय अजून," त्या कशाबशा म्हणाल्या.

"आई, बाबा जवाब देत नाहीयेत!"

काठीचा आवाज थांबला होता. मी भिंत आणि फळी यांच्यामध्ये चेपत होते आणि इतकी भीती मला कधी वाटली नव्हती. त्या बाईंनी सगळ्या आयुष्यात बसलेली देवी हलवली नव्हती. आणि त्यांनी नाही हलवली, तर पलीकडे माणूस जाणार होता, माझ्यामुळे.

वैजयंतीबाईंनी पुढे होऊन ज्येष्ठेचा मुखवटा दोन्ही हातांनी उचलला. केतकी सोवळ्यात नव्हती. तिच्याच हातात त्यांनी तो दिला.

"सोफ्यावर ठेव. आता दुसरा धर. भिऊ नको, मी सांगते ना!"

मखर बाजूला ओढले गेले. वैजयंतीबाई रेशमी सोवळ्यासकट भिंतीशी गुडघे टेकून बसल्या. माझ्या बहिणी एकेक करून निघाल्या. मी निघेना. सगळा रेटा आता माझ्या एकटीवर आला होता. त्यांची नखे मोडली. मग त्यांनी स्वयंपाकघरातून पुरणपोळीचे उलथने आणले, माझ्याखाली घातले आणि अंगातला सगळा जोर लावला. माझे निमुळते टोक कडकन तुटले. मी उडून बाहेर पडले, आणि मित्रांनो, सगळी जमीन एकदम मागे सरकली. उंबरठ्यापाशी उचललेल्या फळ्या खाली बसल्या.

केतकीने दार ओढले. वसंतराव तिच्या अंगावरच कलंडले. चेहरा पांढराफटक, पण डोळे उघडे होते. वैजयंतीबाईंनी इकडेतिकडे पाहिले. जवळ होते ते देवीसाठी वाढलेले नैवेद्याचे ताट. त्यातल्या वाटीत बोट बुडवून त्यांनी मध घेतला आणि नवऱ्याच्या गालाला आतून चोळला. मग त्यांना गिळता येऊ लागल्यावर पुरणाचा लहान लहान घास भरवला.

"नैवेद्य...?" वसंतराव पुटपुटले.

"झाला. झाला म्हणते ना! आधी खा अहो."

हे बोलताना त्यांचा आवाज जराही कापला नाही. नंतर मात्र त्या जमिनीवर बसून ढसाढसा रडल्या, आणि केतकीने त्यांना जवळ घेतले.

बहीण आल्यावर दुसरे ताट वाढले गेले. महालक्ष्म्या पुन्हा बसल्या, या वेळी भिंतीपासून हातभर पुढे. धावतपळत आलेल्या उदयने मला उचलून माझे तुटलेले टोक पाहिले आणि चूक कबूल करत स्वतःचा कान पकडला. आता मी कामाच्या पिशवीत नसते. त्याच्या घरी कोनाड्यात असते.

मित्रांनो, मी राखते ती जागा माझी नसते. मला काढल्यावरच ती कुणाच्या उपयोगी पडते. म्हणून माझी तुम्हाला एवढीच विनवणी आहे. घरात कारागीर काम करत असेल, तर त्याला ते पुरते करू द्या. आणि माझ्यासारखी एखादी पाचर चुकून मागे राहिलीच, तर ती लगेच काढा. सणवार असला तरी काढा. देव रागावतील अशी भीती वाटली तरी काढा. त्या दुपारी ज्येष्ठा-कनिष्ठा सोफ्यावरून सगळे पाहत होत्या, आणि मी त्यांच्या समोरच पडले होते. त्या रागावल्या नव्हत्या.