आधी तक्रार, मग वजन

डॉक्टरीणबाईने मंडळ काढलं ते थोरल्या भावासाठी. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, पण वहिनीला न सांगता कळलं होतं.

दादाचं चष्म्यांचं दुकान होतं. शाळेपासून सगळे त्याला 'पैलवान' म्हणायचे आणि तोही ओ द्यायचा. लोक हसायच्या आत आपणच हसून घ्यायचं, ही त्याची जुनी युक्ती. दवाखान्याची पायरी मात्र चढायचा नाही. बहीण फारच मागे लागली तेव्हा म्हणाला, "अगं, कान दुखतो म्हणून गेलो, तर म्हणाले वजन कमी करा. कानाचं वजन असून असून किती असणार?"

लठ्ठपणावर इलाज करणारे डॉक्टर शहरात नव्हते असं नाही, पण एकाचं तोंड पूर्वेला तर दुसऱ्याचं पश्चिमेला. सर्जन म्हणायचा ऑपरेशन करा, आहारतज्ज्ञ म्हणायची खाणं मोजा, आणि मानसोपचारवाल्याकडे तर कुणी पाठवायचंच नाही. पेशंट या दारातून त्या दारात नवी बोलणी खात फिरायचे. डॉक्टरीण एकेकाच्या घरी गेली, हातापाया पडली म्हटलं तरी चालेल. शेवटी शनिवारी दुपारी तिच्या दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत मंडळी जमू लागली. सुरुवातीला पाच जण, त्यातले दोन चहासाठी. एक पेशंट घ्यायचा आणि सगळ्यांनी मिळून त्याचा विचार करायचा, एवढंच.

एका शनिवारी तिने दादाला बोलावलं. बोलून झाल्यावर तो उठायला लागला, तर खुर्चीही त्याच्याबरोबर उठली. कुणाला कुठे बघावं कळेना. तोच म्हणाला, "बसा हो. ही माझ्याबरोबर घरी यायचं म्हणतेय." पुढच्या आठवड्यात तिने बिनहाताच्या खुर्च्या आणल्या, रक्तदाबाचा मोठा पट्टा आणला, वजनकाटा पडद्याआड नेला.

मंडळ वाढलं. संशोधन छापून आलं, नोंदणी झाली, दरवर्षी परिषद भरू लागली. मागाहून आलेला एक फिजिशियन सचिव झाला. मऊ आवाजाचा, कष्टाळू माणूस. डॉक्टरणीने सांगितलेली कानाची गोष्ट तो प्रत्येक भाषणात सांगायचा आणि सांगताना त्याचा गळा खरोखर दाटून यायचा. 'आधी तक्रार, मग वजन' हे वाक्य त्याचंच. पेशंट ज्यासाठी आलाय ते आधी तपासा, असा त्याचा अर्थ. सगळ्या सभासदांच्या दवाखान्यांत ती पाटी लागली.

डॉक्टरीण एका परिषदेसाठी परगावी गेली असताना दादाचा फोन आला. डावी पोटरी सुजली होती, दुखत होती, जिना चढताना धाप लागत होती.

"आजच्या आज सचिवांना दाखव. मी त्यांना फोन करून ठेवते."

"नको. ओळख कशाला काढायची? सगळ्यांना सारखंच बघतात म्हणतेस ना? बघू तरी."

संध्याकाळी तिने विचारलं. "दाखवलं," तो म्हणाला. "काळजीचं काही नाही म्हणाले." सचिवाने बघितलंय म्हटल्यावर ती निश्चिंत झाली.

ती परत यायच्या आत दादा दुकानातच कोसळला. पायात साकळलेल्या रक्ताची गाठ फुफ्फुसात गेली होती. इस्पितळात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

माणसं पांगल्यावर वहिनीने सांगितलं. "पाय बघितलाच नाही गं त्यांनी. हे पँट वर करायला लागले, तर डॉक्टर म्हणाले, राहू द्या, एवढा भार वाहायचा म्हणजे पाय सुजणारच. खाण्याचा तक्ता हातात दिला. भिंतीवर तुमची पाटी होती."

"मग दादा माझ्याशी खोटं का बोलला?"

"हे म्हणाले, तिने रक्त आटवून मंडळ उभं केलंय. तिला कशाला सांगायचं?"

तिने सचिवाला जाब विचारला नाही. वर्षाची परिषद जवळ आली होती. तिथे तिने एका पेशंटची हकिगत म्हणून सगळं सांगितलं. नाव नाही, नातं नाही. बोलताना तिची नजर पहिल्या रांगेतल्या सचिवावर होती. त्याने चष्मा काढला, डोळे पुसले. ओळखलं याने, तिला वाटलं.

चहाच्या वेळी तो स्वतःहून आला. "हलवून टाकलंत. कोण हो तो डॉक्टर? आपल्यातला असेल तर त्याला मंडळात ठेवता कामा नये."

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्यात सोंग नव्हतं.

"तुम्ही," ती म्हणाली.

तो हसला. मग त्याचा चेहरा उतरला. तिने महिना सांगितला, चष्म्याचं दुकान सांगितलं. तो कपाळ चोळत आठवू लागला. "नाही हो आठवत. तेव्हा गर्दीच इतकी... ते तुमचे कोण?"

"भाऊ."

तो रडला, अगदी खरं रडला. "अहो, मग एका शब्दाने सांगायचं! तुमचे भाऊ म्हणून कळलं असतं, तर मी त्यांना डोक्यापासून पायापर्यंत तपासलं असतं!"

तिने कप खाली ठेवला. तो का ठेवला, हेही त्याला कळलं नाही.

कार्यकारिणीची बैठक झाली. अध्यक्ष म्हणजे तोच जुना सर्जन. "चव्हाट्यावर नको न्यायला," तो म्हणाला. "नवीन लोक बिचकतील. आणि माणूस काही वाईट नाही."

"वाईट असता तर बरं झालं असतं," डॉक्टरीण म्हणाली. "दुसरा शोधता आला असता."

सचिवाला काढायचं नाही असं ठरलं. पेशंटला हिणवू नये यासाठी सभासदांचं शिबिर घ्यायचं ठरलं. कोण घेणार, असं विचारल्यावर सचिवाने हात वर केला. आपण अनुभवातून शिकलोय, म्हणाला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

डॉक्टरणीने ते वहिनीला सांगितलं. वहिनी म्हणाली, "म्हणजे कानाची गोष्ट संपली. आता तो यांच्या पायाची सांगत फिरणार."

"हो."

"आणि लोक रडणार."

"रडतील."

राजीनामा लिहायला डॉक्टरीण दोनदा बसली. पण शनिवारी एक बाई यायची होती. तीन ठिकाणांहून बोलणी खाऊन आलेली, गुडघा धरून चालणारी. तिला पाठवायला या शहरात दुसरी जागा नव्हती. दुपारी डॉक्टरीण खोलीत गेली. सचिव आधीच येऊन बसला होता. तिला बघून तो अदबीने उभा राहिला. ती त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसली आणि बाईला आत बोलवा म्हणाली.