कबुतरवाल्याची साक्ष

सरकारी वीज जेमतेम येणाऱ्या लेबनॉनच्या त्रिपोलीत सोलर बसवायला माणूस आला की अख्खं घर हरखून जातं. वहीब मात्र जिन्याच्या तोंडाशीच घुटमळत राहिला. सोलरवाला रामिझ मोजायची टेप घेऊन सरळ गच्चीवर गेला होता, आणि अर्धी गच्ची वहीबच्या कबुतरांच्या खुराड्याने अडवलेली होती.

रामिझ खाली आला. कॉफी पीत एकेक विचारू लागला. फ्रिज आहे? पाण्याची मोटर? दिवे किती?

"आणि हे रात्री किती तास चालतं, अम्मो?" वहीबची बायको नजला पलंगावर होती; शेजारच्या ऑक्सिजनच्या मशीनकडे बोट करत त्याने वहीबला विचारलं.

वहीब तोंड उघडणार, तोच नजला म्हणाली, "त्यांना नको विचारूस. कबुतरवाल्याची साक्ष काझीसुद्धा घेत नाही. दुसऱ्याची पाखरं पळवणारी जात ही! मला विचार." मग श्वासासाठी थांबली. "दोन तास." पुन्हा थांबली. "तेवढ्यात माझं भागतं."

"मग चार पॅनेल पुरतील," रामिझ म्हणाला. "खुराड्याला हात लावायला नको."

"बघा, अबू मुईन, वाचली तुमची लेकरं," नजला हसली. मुईन, ज्याच्या नावावरून ती नवऱ्याला 'अबू मुईन' म्हणायची तो त्यांचा खरा लेक, केव्हाच परदेशी गेला होता. घरात राहिली होती ती कबुतरंच.

दोन तास खरेच होते, पण ते मोहल्ल्याला वीज विकणाऱ्या जनरेटरवाल्याचे. रात्री दहाला मशीन लावलं की बाराला तो लाइन बंद करायचा. मशीन थांबलं की नजला उशांना टेकून पहाटेपर्यंत बसून राहायची, कारण आडवं झालं की तिचा जीव घाबरा व्हायचा. डॉक्टरांनी रात्रभर लावायला सांगितलं होतं. तिने मात्र लाइन असेल तेवढ्यातच भागवायची सवय लावून घेतली होती, आणि आता त्या सवयीलाच गरज म्हणत होती. शेजारी वहीब झोपेचं सोंग घेऊन पडायचा. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता.

रामिझने टेप पिशवीत टाकली. एवढंसं बोलायला नजलाला दोनदा थांबावं लागलं होतं, ते वहीबच्या कानातून जाईना. त्याला स्वतःची लाज वाटली.

"थांब, पोरा. आज कबुतरवाल्याची साक्ष घे. मशीन रात्रभर लागतं."

"गप्प बसा हो! काहीतरीच बोलतात."

"रात्रभर," वहीब म्हणाला. "बसून रात्र काढते ही. मी बघतो ना."

रामिझने दोघांकडे पाहिलं. "डिसेंबरच्या उन्हावर रात्रभर चालवायचं तर आठ पॅनेल लागतील, अम्मो. बॅटऱ्याही वाढतील. खुराडं काढावं लागेल."

"काढ."

नजलाने तोंड भिंतीकडे फिरवलं. तिचे खांदे हलत होते.

कबुतरं पलीकडच्या मोहल्ल्यातल्या एका शौकिनाला दिली. तिथे ती टिकली नाहीत, सुटताच परत आली आणि पॅनेलवर बसून घाण करू लागली; घाण साचली की वीज कमी बनायची. काळं फडकं बांधलेली काठी घेऊन वहीब सकाळी वर जायचा. आयुष्यभर त्याच काठीने त्याने त्यांना उडवलं होतं, पण शीळ घालून घरी बोलवायचाही तोच. आता नुसतंच हाकलायचं होतं. एकदा त्याला हुंदका आवरला नाही. त्याने काठी खाली ठेवली, आणि खाली आवाज जाऊ नये म्हणून तोंडावर हात दाबून धरला.

खाली नजला आडवी होऊन झोपली होती.